घर झोपवायचं राहिलं

३ सप्टेंबर

सुरुवात कशी करायची ते ठरवता ठरवता चहा गार झाला, म्हणून सुरुवात न करताच लिहितो.

काल तुझ्या दादाचा फोन आला होता. तू आता रात्रीची झोपतेस, दोन घास नीट जेवतेस, त्याच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतेस, असं सगळं त्याने सांगितलं. मग बराच वेळ घसा खाकरला. मला वाटलं, आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार. तर म्हणाला, "डॉक्टरीण बाई म्हणतायत, मुलांना भेटायला हरकत नाही. पण घरी नको. बाहेर, मोकळ्यावर कुठेतरी. आणि तिला वाटलं तर तिथून लगेच निघता आलं पाहिजे." हे शेवटचं त्याने पुन्हा एकदा सांगितलं, मी पहिल्यांदा ऐकलंच नाही असं समजून.

मला ते एकदाच ऐकून कळलं होतं. लिफ्टवाल्याला हे कुणी शिकवायला नको. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणूस घाबरतो ते लिफ्ट पडेल म्हणून नाही, दार उघडत नाही म्हणून. दार वीतभर उघडून दिलं ना, की तोच माणूस आत उभा राहून गप्पा मारायला लागतो. म्हणून मी रात्रभर विचार केला आणि जागा शोधली. शहराबाहेर तळ्याकाठी एक बाई तंबू भाड्याने देतात. त्यांच्या बहिणीच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्तीला माझ्याकडे आहे, त्यामुळे ओळख निघाली. तंबूला दार नसतं, चेन असते. ती आतूनही उघडते, बाहेरूनही. एक रात्र राहायचं. दादा तुला गाडीने आणेल, आणि तोही तिथेच राहील. तुला नको वाटलं तर कुणाला काही न सांगता निघायचं. कुणी विचारणार नाही.

मुलं बरी आहेत. खारू आता तिसरं वर्ष पुरं करून चौथ्यात शिरली आणि प्रश्न विचारून डोकं खाते. भोपळ्या चालतो, पळतो, पडतो, उठतो, पुन्हा तिथेच जाऊन पडतो. पाळणाघरवाल्या बाई म्हणतात, हा मोठेपणी एकतर पुढारी होईल नाहीतर हमाल, आवाज दोन्हीला पुरेसा आहे.

तू दादाजवळ विचारलंस म्हणे, अजून तशीच झोपतात का? हो. अगदी तू लावलेल्या वळणावर. आधी कोमट पाण्याने अंघोळ, तुझ्यासारखं कोपर बुडवून पाणी बघतो. मग पायांना तेल. मग दूध. मग घरातले दिवे एकेक करून बंद, फक्त तो छोटा पिवळा दिवा चालू. आणि मग खारू घर झोपवते. फ्रिज झोपला, पंखा झोपला, चपला झोपल्या, खिडकी झोपली. शेवटी आई झोपली, बाबा झोपले. नळाचं नाव तेवढं मी गाळतो. का ते तुला माहीत आहे.

तर काळजी करू नकोस. फक्त ये.

१९ सप्टेंबर

तुझी चिठ्ठी दादाने आणून दिली. तुझं अक्षर पाहून मी ती आधी नुसतीच हातात धरून बसलो. नंतर वाचली. "येते. टब आणि दिवा बरोबर घे. मुलांची वेळ मोडू नकोस. त्या रात्री मी झोपवीन."

मी झोपवीन. वाचून आनंद झाला. खरंच झाला.

टब आहे. घासून लख्ख करून ठेवलाय. घासायची वेळ का आली ते विचारू नकोस, माझ्या धंद्यात ग्रीस कुठेही लागतं. पिवळ्या दिव्याचा बल्ब गेला होता, तो बदलला. तसला बल्ब आता सहजासहजी मिळत नाही, तीन दुकानं पालथी घातली. तंबूत वीज नाही, म्हणून त्याला बॅटरी जोडून घेतली.

मुलांचा थोडा सराव घेतोय. म्हणजे येतं त्यांना सगळं, पण तुझ्यासमोर बावरतील म्हणून. परवा खारूला म्हटलं, "चल, घर झोपवूया." तर ती म्हणाली, "आपण जाऊ तिथे घर आहे का?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तंबू म्हणजे घरच. तिला पटलं नाही. माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "घराला चाकं असतात." असं तिला का वाटतं, कुणास ठाऊक. मुलांचं काहीही असतं.

रात्री तिथे गार वारा असतो म्हणे. तुझा तो निळा स्वेटर आण.

७ ऑक्टोबर

पाच वेळा लिहायला बसलो आणि उठलो. आज उठणार नाही.

तू तिथे होतीस, मग तुलाच काय सांगायचं, असं वाटतं. पण तंबूच्या आत काय झालं ते मी कापडातून ऐकलं, आणि बाहेर काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. आणि काही गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या होत्या, त्या तुला त्या रात्री कळल्याच आहेत. पण अर्ध्याच कळल्या. म्हणून आता पहिल्यापासून सगळं सांगतो.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा स्वेटर घातला होतास. बारीक झाली आहेस. मी धावत पुढे येणार होतो, पण तू हात थोडा वर केलास, तसा थांबलो. खारू माझ्या पायामागे लपली. मी तिला हळूच म्हटलं, "आई आली बघ." ती म्हणाली, "फोटोतली?" हे तुला ऐकू गेलं नसावं अशी मी आशा केली. मग भोपळ्या गेला तुझ्याकडे, सरळ, बेधडक, आणि त्याने तुझ्या हातात एक दगड दिला. तू तो घेतलास. त्याने आणखी आणून दिले. तू गवतावर बसून घेतलंस आणि तो दगड आणत राहिला, तुझी ओटी भरून गेली. तंबूवाल्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, लेकरू आईला बरोबर ओळखतं बघा." मी मान हलवली. तो कुणालाही दगड देतो. पाळणाघरात पोस्टमनलासुद्धा देतो. पण मी मान हलवली.

दुपार चांगली गेली, हे तूही कबूल करशील. भोपळ्याने उकडलेल्या बटाट्यात पाय घातला तेव्हा तू हसलीस. माझ्याकडे बघून हसलीस. खारू तुझ्या जवळ सरकत सरकत आली आणि तुझ्या स्वेटरचं बटण उघडायचं-लावायचं खेळायला लागली. दादाने मला कोपराने ढोसलं. त्या वेळी माझ्या मनात कुठपर्यंत विचार गेले ते आता सांगत नाही. तू घरी परत आलीस की पलंग भिंतीकडे सरकवायचा इथपर्यंत गेले होते.

मग ऊन उतरलं आणि तू उठलीस. स्वेटर झटकलास आणि म्हणालीस, "चला, अंघोळीची वेळ झाली."

बाईंनी चुलीवर पाणी तापवून दिलं. तू टब गवतावर ठेवलास, बाही सरकवून कोपर बुडवलंस. भोपळ्या टब बघून खूश झाला आणि त्यात दगड टाकायला लागला. तू दगड काढायचीस, तो टाकायचा. खारू लांब उभी राहून म्हणाली, "आज घाण नाही लागली मला." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "दमलीये ती." तिथे मला खरं बोलता आलं असतं. बाईसुद्धा आत गेल्या होत्या, कुणी नव्हतं. पण तुझी बाही वर होती, हात ओला होता, चेहऱ्यावर ते जुनं लक्ष होतं, प्रयोगशाळेत काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना असायचं तसं. ते मोडवेना.

अंघोळी कशातरी झाल्या. तू दोघांना आत घेतलंस, चेन ओढलीस. मी आणि दादा बाहेर चुलीपाशी बसलो.

कापडातून सगळं ऐकू येतं. तेल लावताना खारू म्हणाली, "चिकट, चिकट." दुधाची बाटली तू आठवणीने आणली होतीस. भोपळ्या आता बाटलीने पीत नाही, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. बाटली आपटल्याचा आवाज आला. मग तो रडायला लागला. तुझा आवाज तसाच शांत होता. दिवा लावलास, कापड पिवळं झालं, तुमच्या सावल्या दिसायला लागल्या. तू म्हणालीस, "आता घर झोपवूया हं. सांग खारू, फ्रिज..."

"इथे फ्रिज नाहीये."

"बरं. मग इथे काय काय आहे? कोण कोण झोपलं?"

"कुणी नाही."

"अगं, खेळायचं ना आपण. आधी कोण झोपतं?"

मग तिने मला हाक मारली. "बाबा, ही काय विचारते?"

ही. मी उठलो. दादाने माझा गुडघा दाबून धरला आणि म्हणाला, "जाऊ नका. तिला जमू दे." मी बसलो. आत भोपळ्याचं रडणं चढत गेलं. तो 'बाबा' म्हणत नाही अजून, 'बाप्' म्हणतो, दार आपटल्यासारखं. बाप्, बाप्, बाप्. तू म्हणत होतीस, "हो रे राजा, दिवा बघ, दिवा बघ." मी चुलीतलं लाकूड काढून पुन्हा आत घातलं. दादा तळ्याकडे बघत होता. ते किती वेळ चाललं सांगता येणार नाही. मला विचारलं तर अजून चालूच आहे.

मग चेन खालून थोडी उघडी राहिली होती तिथून भोपळ्या सरपटत बाहेर आला. अंगात नुसती बनियन. माझ्या मांडीवर चढला, मूठ माझ्या दाढीत खुपसली, एक उसासा टाकला आणि झोपला. असाच झोपतो तो. जिथे असेल तिथे, जे चालू असेल त्यात.

तू त्याच्यामागे बाहेर आलीस आणि थांबलीस.

"हा असा झोपतो?"

"कधी कधी."

"कधीपासून?"

मी काही बोलायच्या आत खारू आली, तेलकट पायांना गवत चिकटलेलं. "बाबा, मला गाडीत झोपायचंय." आणि उत्तराची वाट न बघता गेली. गाडीचं दार तिचं तिने उघडलं, पुढच्या सीटवर चढली, माझं जुनं जॅकेट अंगावर ओढलं. आपण तिघं तिकडे पोचेपर्यंत तिचा श्वास जड झाला होता. तुला कळलं. हुशार आहेस, तुला सगळं लगेच कळतं. रात्रीअपरात्री कुठेतरी लिफ्ट अडकते, फोन येतो, दोघांना घरी ठेवायला कुणी नाही, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून नेतो. इमारतीचा चौकीदार लक्ष ठेवतो. मी वर मशीनच्या खोलीत, ती दोघं खाली गाडीत. म्हणून घराला चाकं असतात.

तू विचारलंस, "म्हणजे पत्रात लिहिलंस ते खोटं?"

"हो."

"काहीच करत नाही?"

"थंडी संपेपर्यंत केलं. अगदी तसंच केलं. नंतर नाही जमलं."

मला वाटलं, तू ओरडशील. ओरडायला हवं होतंस. तू गाडीच्या काचेवर हात ठेवलास आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "मी तिकडे रोज संध्याकाळी डोळे मिटून बसायचे. आता अंघोळ चालली असेल. आता तेल. आता दूध. आता खारू घर झोपवत असेल, आई झोपली म्हणाली असेल. ती म्हणाली की मी झोपायचे. मला त्याच्यावरच झोप लागत होती."

हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत होतो, तू त्यावर उभी आहेस हे कळलं असतं तर... तर काय केलं असतं? बहुतेक आणखी जोरात खोटं लिहिलं असतं.

मग तू म्हणालीस, "ती झोपतात माझ्याशिवाय. छान झोपतात."

मी भोपळ्याला खांद्यावर घेतलं.

"मग मी कशासाठी एवढं... त्या संध्याकाळी याला टबात बसवलेलं, नळ चालू, हिचं रडणं चालू, आणि वेळ टळत होती. वेळ टळली तर ती झोपणार नाहीत, ती झोपली नाहीत तर मी झोपणार नाही, एवढंच डोक्यात. मी दार उघडून खाली गेले. नळ चालू होता. शेजारच्या बाईंनी ऐकलं नसतं तर? आणि हे सगळं वेळेसाठी. आणि त्यांना वेळ नकोच होती."

मी म्हटलं, "मुलं मोठी झाली. तेव्हा लागत होतं त्यांना."

"नाही रे," तू म्हणालीस. "मला लागत होतं."

एवढंच बोललो आपण. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसाला मी अर्धा अर्धा तास फोनवर धीर देतो. घाबरू नका, पंखा चालू आहे ना, मी पोचतोच आहे, असं काहीबाही बोलत राहतो. तुझ्यासमोर भोपळ्याला खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिलो.

सकाळी उठलो तर दादाची गाडी नव्हती. ठरलंच होतं तसं, तक्रार नाही. तंबूत गेलो. टब पुसून पालथा घातलेला, मुलांचे ओले कपडे दोरीवर, कोरड्यांची घडी, तेलाची बाटली उभी, बूच घट्ट लावलेलं. सगळं जागच्या जागी. जणू कुणी तिथे राहिलंच नव्हतं.

खारू उठून तंबूत गेली, बघून आली. बाईंनी दूध दिलं ते प्यायली.

२ नोव्हेंबर

उत्तर आलं नाही. मी ते मागत नाहीये. एक सांगायचं होतं म्हणून लिहितो.

मी पुन्हा सुरू केलं. सगळं. रात्रीच्या कामाला नाही म्हटलं, मालकाने तोंड वाकडं केलं, करू दे. अंघोळ, तेल, दूध, दिवे, पिवळा दिवा, घर. मनात म्हटलं, जे खोटं लिहिलं ते खरं करून दाखवू, मग तुला पुन्हा डोळे मिटून बसता येईल.

पहिले काही दिवस दोघांना मजा वाटली, नवा खेळ म्हणून. खारूने फ्रिज झोपवला, पंखा झोपवला, लिफ्ट झोपवली, चौकीदारकाका झोपवला. मी म्हटलं, "आणि आई?" ती म्हणाली, "आई इथे कुठेय?" मी म्हटलं, "नसली तरी म्हणायचं." तिने म्हटलं. मी सांगितलं म्हणून म्हटलं. तिच्या तोंडून ते ऐकताना मला माझीच लाज वाटली.

नंतर कंटाळली. आता मी दिवा लावला की भोपळ्या तो विझवतो. विझवला की टाळ्या वाजवतो. तेलाचे पाय घेऊन दोघं घरभर धावतात, परवा खारू घसरली, हनुवटीला लागलं, टाका नाही घालावा लागला. मी ओरडलो. खूप जोरात ओरडलो. वेळ टळत होती म्हणून ओरडलो, आणि ओरडल्यावर माझं मलाच कळलं मी कुणासारखा ओरडलो ते. तुला दोष देत नाहीये. उलट, त्या घटकेला तू खाली का गेलीस ते मला पहिल्यांदा अंगात कळलं. माझाही हात दाराच्या कडीकडे गेला होता.

मी गेलो नाही. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहिलो. बाहेर आलो तर दोघं जेवणाच्या टेबलाखाली एकमेकांवर पाय टाकून झोपली होती.

तेव्हापासून बंद केलं. हे तुला खरं लिहितोय. खरं लिहिलं तर तुला बरं वाटेल की खोटं लिहिलं तर, हे आता मला समजत नाही.

१४ डिसेंबर

दादा रविवारी येऊन गेला. तुझे थंडीचे कपडे घेऊन गेला, आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोटही. कोट कशाला म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाला, तिथल्या एका प्रयोगशाळेत तुला बोलावलंय, महिन्यानंतर. चांगलं झालं. मनापासून म्हणतो.

जाताना जिन्यात थांबला. मला म्हणाला, "राग मानू नका. पण पत्रं थांबवा आता. पत्र आलं की ती वाचत नाही, उशाखाली ठेवते आणि जागी राहते. चार चार रात्री. पत्र नसलं की हळूहळू झोपायला लागते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आत्ता फक्त झोप बघा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगला माणूस आहे. तुला सांभाळून तोही म्हातारा दिसायला लागलाय.

मी म्हटलं, थांबवतो. एक शेवटचं देतो, ते तिला केव्हा द्यायचं ते तुम्ही ठरवा, नाही दिलं तरी चालेल. तो हो म्हणाला. म्हणजे हे तुला मिळेल, किंवा मिळणार नाही. मुलांच्या बाबतीत वकील, कोर्ट असलं काही नको म्हणून तू सांगितलंस, तेही त्याने सांगितलं. तुला हवं तेव्हा ये, नको तेव्हा नको. माझ्याकडून दार उघडंच आहे. पण तू येणार नाहीस, हे मला कळलंय, आणि आता त्यावर मी तुझ्याशी भांडत नाही.

एक गोष्ट राहिली.

तळ्याकाठून परत आल्यापासून खारू सगळ्यांना सांगते, आई तंबूत राहते. पाळणाघरात सांगितलं, चौकीदाराला सांगितलं, डॉक्टरांकडे सुई टोचून घेताना सांगितलं. मी खोडून काढलं नाही. कुठे राहते म्हणून सांगू? गेल्या आठवड्यात मागे लागली, आईच्या गावाला, म्हणजे तळ्यावर जाऊया. मी दोन दिवस टाळलं. शनिवारी दुपारी दोघांना गाडीत घातलं आणि गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. आई तिथे नाही हे ती कधीतरी स्वतः बघेल, तर माझ्यासोबत बघू दे, असं काहीतरी असावं.

तळ्यावरच्या गारठ्यामुळे हंगाम लवकर संपलाय. सगळे तंबू उतरवलेले. गवत वाढलेलं, फक्त जिथे तंबू होते तिथे चौकोनी पिवळे डाग. भोपळ्या तळ्याकडे पळाला, मी त्याच्यामागे. परत आलो तर खारू एका पिवळ्या चौकोनाच्या मधोमध उभी होती. तो आपला होता की दुसऱ्या कुणाचा, मलाही ओळखू आला नाही.

तंबूवाल्या बाई आवाज ऐकून आल्या. मला म्हणाल्या, "अहो भाऊ, थंडीत कुठे आलात? सगळं गुंडाळून आत ठेवलंय. आता उन्हाळा लागल्यावर या."

खारूने त्यांना विचारलं, "आईपण आत ठेवली?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. खारूही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "हो."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "बरं." भोपळ्याचा हात धरला आणि गाडीकडे चालायला लागली. मी दोघांना सीटवर बसवलं, जॅकेट टाकलं. घरी पोचेपर्यंत दोघंही गाढ झोपली होती.